श्पाट्झेनवरची वही

ईस्टरच्या आदल्या दिवशी रोमेद सुताराने दोन कामं गुपचूप उरकली. कोठाराच्या भिंतीवर त्याच्या जुन्या लांब स्की टांगलेल्या होत्या, त्यांच्या शेजारी एक नवा खिळा ठोकला. आणि सॅकच्या तळाशी, कुणाच्या हाताला लागणार नाही अशी, मेणकापडात गुंडाळून एक कोरी वही ठेवली.

खिळा होता आखूड स्कींसाठी. उद्या शेवटचं वर जायचं, शेवटचं उतरायचं आणि संध्याकाळी त्या खिळ्याला स्की टांगून मोकळं व्हायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. लेकीला हे सांगायचं ते शिखरावर, वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव लिहून झाल्यावर. घरात सांगितलं असतं तर ती भांडली असती. वर वारा असतो, आणि वाऱ्यात माणसं फार वेळ भांडत नाहीत.

हिंटरआख गावाच्या डोक्यावरचा हा श्पाट्झेन काही नावाजलेला डोंगर नव्हे. चिमणीएवढा म्हणून चिमणीचंच नाव. पण शिखरावर लाकडी क्रूस आहे, क्रूसाच्या पायाशी पत्र्याची पेटी आहे आणि पेटीत वही. वर येईल त्याने नाव लिहायचं, तारीख लिहायची, पुढे कुठल्या बाजूने उतरणार ते लिहायचं. एकतीस वर्षं ही वही रोमेदच्या ताब्यात होती. एक भरली की दुसरी तोच न्यायचा. पहिल्या पानावर सुतारकामाच्या जाड पेन्सिलीने तो दरवेळी तेच लिहायचा : खरं नाव, खरी तारीख, चेष्टा नको, खोडाखोड नको. कारण कोणी हरवलं की शोधपथक आधी वही उघडतं. एकदा तंबाखूच्या दुकानवाल्याने स्वतःच्या नावाखाली कुत्र्याचं नाव लिहिलं, तर रोमेद संध्याकाळी त्याच्या दारात उभा. "कुत्रा खरंच आला होता वर?" आला होता. मग राहू दे, म्हणाला, आणि कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून घरी गेला.

असा हा माणूस. वय एकाहत्तर, डावा गुडघा दोन वर्षांचा.

लेकीचं नाव थेरेसिया, पण गावासाठी ती रोमेदची रेझी. अडतीस वर्षांची. सात वर्षं तिकडे रॉटरडॅमला पूल बांधत होती, तीन वर्षांपूर्वी परत आली. आता इन्सब्रुकला असते आणि शुक्रवारच्या शेवटच्या बसने घरी येते. गुडघा बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, लांब स्की आता नकोत, फार पिळवटतात. त्या नाताळला रेझीने झाडाखाली दोन मोठी खोकी ठेवली. दोन्हींत मीटरभर लांबीच्या आखूड स्की. एक जोडी बाबाची, एक तिची.

"ही खेळणी?" रोमेद म्हणाला होता. "बदकाला शोभतील."

"मग दोन बदकं," रेझी म्हणाली. "एकट्याला हसतील, दोघांना किती वेळ हसतील?"

गाव हसलं. बेकरीवाली अजूनही हसते. पण रोमेदने आपल्या जुन्या लांब स्कींच्या तळाला लावायच्या केसाळ पट्ट्या काढल्या, ज्यांच्या जोरावर चढावर स्की मागे घसरत नाही, आणि मधोमध कापल्या. दोघांच्या आखूड स्कींना त्या बरोबर पुरल्या. तेव्हापासून बापलेकीच्या पायाखाली एकाच पट्टीचे दोन तुकडे होते.

*

रविवारी पहाटे त्याने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं, पाच वाजले होते, आणि रेझीच्या दारावर टकटक केली. उन्हाळी वेळ त्याच दिवशी सुरू होत होती, म्हणून झोपताना त्याने आठवणीने घड्याळ तासभर पुढे केलं होतं. मनगटावरचं घड्याळही त्याच्याबरहुकूम लावून घेतलं.

"बाबा, मी आत्ता तर झोपले," आतून आवाज आला.

"डोंगर काही तुझी वाट बघणार नाही."

"डोंगर जायचाय कुठे?"

तरी ती उठली. हिमाखाली अडकलेल्याचा ठावठिकाणा सांगणारी छातीवरची यंत्रं दोघांनी एकमेकांच्या जवळ नेऊन ती टिकटिकतात ना ते पाहिलं, तिचा फोन बंद करून सॅकच्या खोलवरच्या कप्प्यात गेला, आणि आईने आदल्या संध्याकाळी चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली टोपली फडक्यात बांधून बरोबर घेतली : लाल अंडी, धुरी दिलेलं मांस, किसलेला झणझणीत मुळा, वेणीचा गोड पाव.

घरामागचा ओढा ओलांडताना रेझीचा पाय बर्फाच्या पापुद्र्यातून थेट पाण्यात गेला. रोमेद मनात ओळी जुळवत होता.

कारण हिंटरआखमध्ये चढावर गप्प बसायची पद्धत नाही. चार ओळींचं चिडवाचिडवीचं गाणं म्हणायचं, पुढच्याने मागच्याला, मागच्याने पुढच्याला. चारही ओळी एका दमात झाल्या तर चाल बरोबर आहे. तिसऱ्या ओळीला दम तुटला तर पाय आवरा. कुठल्याही मशीनपेक्षा हे माप खरं, असं इथले लोक मानतात.

लार्चच्या झाडांतून वर येताना रेझीनेच तोंड उघडलं :

"डोंगर म्हणे, ये ये,
बाबा म्हणे, येतो;
दर दहा पावलांनी
देखावा बघतो!"

रोमेद तेव्हा खरोखरच देखावा बघत होता. त्याने काठ्या रोवल्या, छाती भरून घेतली :

"पूल बांधणारी माझी
लेक किती भली!
अंगणातल्या ओढ्यामध्ये
गुडघाभर गेली!"

"घोटाभर!" रेझी ओरडली. "गुडघाभर कुठे? खोटं गातोस!"

"गाण्यात चालतं. वहीत चालत नाही."

एका दमात झाल्या चारही ओळी. रोमेदला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. आज शेवटचं आहे हे एकदा ठरल्यावर दम असा शाबूत कशाला राहायचा?

त्याने पुढे चाललेल्या लेकीकडे पाहिलं. प्रत्येक वळणावर ती वाकून स्कीवरची बुटाची पकड तपासत होती. पकड काही सैल झालेली नव्हती, हे सुताराच्या डोळ्याला वीस पावलांवरून दिसत होतं. ती थांबत होती त्याच्यासाठी, आणि दिसू नये म्हणून वाकत होती. लहान असताना तीच मागे राहायची आणि तो असाच वाकून नाडी बांधत बसायचा, न सुटलेली.

फेब्रुवारीत तर हद्द झाली होती. भुसभुशीत ताज्या बर्फात आखूड स्की गुडघ्यापर्यंत रुतत होत्या, तो घामाघूम, आणि वरच्या उतारावर पोचायच्या आतच ती म्हणाली, "बाबा, कंटाळा आला. परत जाऊ." रेझीला डोंगरात कधी कंटाळा आला नव्हता, अगदी सहा वर्षांची असतानासुद्धा. तो वळला. त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं. तिच्या लांब स्की इन्सब्रुकच्या खोलीत पलंगाखाली धूळ खात पडल्यात. तिच्या बरोबरीची माणसं तीन-तीन हजार मीटरवर जातात, आणि ही म्हाताऱ्या बापासोबत बदकासारखी डुलते. पुरे झालं. पोरीला मोकळं करायला हवं.

झाडं संपली तसा उतार आरशासारखा कडक झाला. रात्रभराच्या थंडीने बर्फाचं लोखंड केलं होतं. पट्ट्यांचे केस त्यावर धरेनात. दोघांनी स्की काढून सॅकवर बांधल्या, बुटांना लोखंडी दाते लावले आणि शेवटचा टप्पा पायीच चढले, करकर करकर, एकाच्या पावलात दुसऱ्याचं पाऊल.

*

"बरोबर नऊ," क्रूसाला हात लावत रोमेद म्हणाला. "अर्ध्या तासात फिर्न होईल."

फिर्न म्हणजे वसंतातल्या बर्फाचा तो लाडका अर्धा तास. रात्री गोठलेला थर उन्हाने वरून बोटभर मऊ होतो आणि खाली तसाच टणक राहतो, तेव्हा त्यावरून उतरणं म्हणजे लोण्यावरून सुरी. त्याआधी उतरलात तर दात खिळखिळे होतात, नंतर उतरलात तर पाय रुततो. आखूड स्कींसाठी याहून चांगला बर्फ देवाने केलेला नाही.

रेझीने काठीने बर्फावर टकटक केलं. काचेवर वाजावं तसा आवाज आला. "बाबा, हे अर्ध्या तासात मऊ व्हायचं नाही. ऊन बघ कुठे आहे."

"ऊन बरोबर आहे."

"घड्याळात नऊ, आणि ऊन अजून त्या सुळक्याच्या मागे?"

तेवढ्यात खालून, खोल दरीतून, चर्चच्या घड्याळाचे ठोके आले. थंड हवेत एकेक ठोका सुटा सुटा, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. दोघांनी ओठ हलवत मोजले. आठ.

"एक विसरले," रोमेद म्हणाला.

"कोण?"

"घड्याळवाले. उन्हाळी वेळ करायची राहिली त्यांची."

"चर्चचं घड्याळ आपोआप बदलतं, बाबा. तारेवरनं." तिने सॅक उपसून फोन काढला, चालू केला आणि पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आठ वाजून दोन मिनिटं. बाबा, तू मला चारला उठवलंस."

"पाचला. स्वयंपाकघरात पाच होते. मी स्वतः काल झोपताना घड्याळ पुढे केलं. दरवर्षी मीच करतो."

रेझीने आईला फोन लावला. आग्नेसचा आवाज कुजबुजता आला, पण शिखरावर दोघांनाही स्वच्छ ऐकू गेला.

"काय गं, पडला का हा?"

"नाही. आई, काल घड्याळाला कोणी हात लावला?"

"मी लावला की. टोपली घेऊन चर्चमधून आल्या आल्या पुढे केलं. तुझा बाप विसरतो." मग कुजबूज एकदम मोठी झाली. "त्यानेही केलं? अरे देवा! तरीच! मी इथे नवाच्या प्रार्थनेला येऊन बसलेय पाव तासापूर्वी, एकटी, नवीन टोपी घालून! म्हटलं गावातल्या बायकांचा धर्म बुडाला की काय! पाद्रीबुवा मफलर गुंडाळून दात घासत बाहेर आले, मला बघून परत आत पळाले!"

रेझी हसता हसता बर्फातच बसली. रोमेदने फोनकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "एकतीस वर्षं मीच करतो, आग्नेस!"

"एकतीस वर्षं तू विसरतोस आणि मी करते!" फोन बंद झाला.

दीड तास हातात होता. खाली जाता येत नव्हतं, वर जायला डोंगर उरला नव्हता. रेझीने सॅक अंथरल्या, क्रूसाच्या आडोशाला दोघांची बूड टेकतील एवढी जागा केली. पट्ट्या थंडीने आखडू नयेत म्हणून रोमेदने त्या जाकिटाच्या आत पोटाशी धरल्या होत्या, तिने आपल्याही त्याच्याकडे दिल्या. "तुझं पोट मोठं आहे."

मग अंडी निघाली. टोकावर टोक आपटायचं, ज्याचं फुटेल त्याने आपलं दुसऱ्याला द्यायचं. रोमेदने आपलं मुठीत घट्ट धरलं, फक्त शेंड्याचा ठिपका बाहेर.

"चिटिंग. अंडं दिसू दे."

"हा सुताराचा हात आहे. पकड अशीच असते."

टक्. त्याचंच फुटलं. रेझीने ते सोललं, अर्धं त्याच्या तोंडात कोंबलं, वर मुळ्याची चिमूट. झणका नाकात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. बरं झालं, त्याला वाटलं. आता जे बोलायचं आहे त्याला हे पाणी कामी येईल.

त्याने मेणकापड सोडलं, कोरी वही मांडीवर घेतली, कानामागची पेन्सिल काढली.

"आणलीस नवीन?" रेझी म्हणाली. "जुनी भरली पण?" आणि तिने हात लांबवून पेटी उघडली, जुनी वही बाहेर काढली.

रोमेदची पेन्सिल हवेतच राहिली.

इतकं सगळं ठरवलं होतं त्याने, खिळा, वही, वारा. एवढंच नव्हतं आठवलं. जुनी वही. दहा वर्षं आपण तिच्यात काय लिहीत आलो.

"दे इकडे. ती ओली असते. मी वाळवून..."

"कोरडी ठक्क आहे." ती पानं उलटत होती. "आपलं फेब्रुवारीचं नाही, पोचलोच नाही आपण. हे जानेवारीचं... हे मागच्या वर्षीचं... अय्या, तंबाखूवाल्याचा कुत्रा!" ती मागे मागे गेली. मग तिचं बोट थांबलं. पुढे सरकलं, पुन्हा थांबलं.

"बाबा."

"ऊन येतंय बघ सुळक्यावर."

"बाबा, नऊ मार्च. 'रोमेद आणि रेझी, हिंटरआख. पूर्वेच्या उताराने खाली.' मी तेव्हा रॉटरडॅमला होते."

रोमेदने पोटाशी धरलेल्या पट्ट्या नीट केल्या.

"चौदा एप्रिल. रोमेद आणि रेझी. तेव्हाही. दोन जानेवारी. रोमेद आणि..." ती एकेक पान उलटत गेली, आणि दर पानागणिक तिचा आवाज उतरत गेला. "सात वर्षं. प्रत्येक वेळी. तू एकटा यायचास ना?"

"एकटाच की. तुझी आई कुठे येते? तिला केक मिळेल तिथेच जाते ती."

"मग?"

वाऱ्याने वहीचं पान फडफडवलं. रोमेदला वाटलं होतं, वाऱ्यात माणसं भांडत नाहीत. पण वाऱ्यात लपताही येत नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"पहिल्यांदा चुकून झालं," तो म्हणाला. "तू गेलीस त्याच हिवाळ्यात. हाताला सवय. रोमेद लिहिलं की पुढचं आपोआप येतं. लिहून झाल्यावर बघितलं तर तू इथे नाहीस. खोडायला गेलो, पण खोडाखोड चालत नाही. मीच लिहून ठेवलंय पहिल्या पानावर."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा नुसतं माझं लिहिलं. सुट्या कागदावर, आधी, करून बघायला. एकटं नाव फार उघडं दिसतं गं. टोपीशिवाय बाहेर पडल्यासारखं."

रेझीचा अंगठा पानावरच्या त्या दोन नावांवरून फिरला.

"म्हणून मग घातली टोपी," तो म्हणाला.

ती अचानक हसायला लागली, डोळे पुसत, मुळा न खाताच. "आणि त्या बिचाऱ्या तंबाखूवाल्याला कुत्र्यासाठी छळलंस! बाबा, तू हिमाखाली गेला असतास तर शोधपथक दोघांना शोधत बसलं असतं. तुला बाहेर काढून झाल्यावर चार दिवस मला खणत बसले असते!"

"हे मला रात्री सुचायचं," रोमेद कबूल झाला. "त्याची फार लाज वाटायची. म्हणून अगदी सांभाळून उतरायचो."

तिने पुन्हा वही उघडली. नऊ मार्चवर बोट ठेवलं. "त्या दिवशी रविवार होता. माझी खोली चौथ्या मजल्यावर, आणि त्या अख्ख्या मुलखात त्याहून उंच काही नाही. मी सायकल काढून बांधावर गेले, वारा समोरून, इतका की पेडल मारूनही जागच्या जागी. रडत होते. संध्याकाळी तुला फोन केला. तू म्हणालास, 'बर्फ बरा होता,' आणि फोन आईला दिलास." तिने नाक ओढलं. "मला वाटायचं, बाबाला माझी काही आठवण येत नाही. त्याला त्याचा डोंगर पुरतो."

"बर्फ खरंच बरा होता," रोमेद म्हणाला. आणि मग, पेन्सिल बोटांत फिरवत, "मी फोनवर नीट बोलू शकत नाही."

खालच्या उतारावर उन्हाची पहिली पट्टी उतरली, पिवळी, लांबट, नुकताच रंधा मारलेल्या फळीसारखी. आता बोललो नाही तर बोलणं होणार नाही, हे त्याला कळलं. त्याने कोरी वही उघडून तिच्यासमोर धरली.

"रेझी, वहीची राखणदार म्हणून मी इथे तुझं नाव लिहिणार आहे. एकटीचं. माझं आज शेवटचं. खाली कोठारात खिळा ठोकून आलोय. तू आपल्या लांब स्की काढ पलंगाखालून. फेब्रुवारीत तुला माझ्यापायी परत फिरावं लागलं. मला कळतं गं. वळणावळणावर पकड तपासतेस तेही कळतं."

तिने एकदम मान वर केली. "फेब्रुवारीत?"

"कंटाळा आला म्हणालीस. तुला कधी येत नाही कंटाळा."

"बाबा, मला लागली होती!"

"काय लागलं होतं?"

"शू लागली होती! पहाटेपासून तीन कप चहा, आणि वरचा सगळा उतार उघडा बोडका. खालच्या तीन झाडांमागे पोस्टमास्तर सहकुटुंब डबा खात बसलेला! काय सांगणार होते मी?"

"मला सांगायचं. मी बाप आहे तुझा."

"म्हणूनच नाही सांगितलं!"

दोन महिने. दोन महिने त्याने ते एक वाक्य उशाशी घेऊन झोप घालवली होती.

"पकड तपासते ते मात्र तुझ्यासाठीच," ती म्हणाली. "ते खरं आहे. तू नव्हतास बांधत माझ्यासाठी खोट्या नाड्या? मला तेव्हाही कळायचं. आणि लांब स्कीचं म्हणशील तर, वीस वर्षं मी लांब स्कीवर पुढे आणि तू मागून ओरडतोयस, 'गुडघे! रेझी, गुडघे! खांदा खाली!' ह्या आखूडवर तुलाही काही येत नाही, मलाही येत नाही. तू माझ्याआधी आपटतोस. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्याबरोबर मजा येतेय, आणि तू खिळा ठोकून आलास?"

"खिळा चांगला बसलाय," एवढंच तो म्हणाला.

रेझीने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. पण कोऱ्या वहीकडे गेली नाही. जुनी वही मांडीवर घेऊन ती पहिल्या पानापासून सुरू झाली, ओठ हलवत, मघाशी ठोके मोजले तशी. ऊन आणखी एक वीत खाली सरकलं.

"एकोणीस," शेवटी ती म्हणाली. "एकोणीस वेळा मी इथे आले असं वहीत आहे, आणि आले नाही. खोडाखोड चालत नाही ना?"

"नाही."

"आणि खोटं?"

"नाही चालत."

"मग आता ते खरं करावं लागेल. दुसरा काय उपाय आहे? एकोणीस वेळा यायचं, दोघांनी. तोवर राखणदाराला जाता येत नाही."

रोमेदने दाढी खाजवली. वाकलेल्या दारात पाचर कुठून मारावी हे बघताना तो असाच थांबायचा. वर्षाला चार-पाच फेऱ्या धरल्या तर... त्याने मोजणं अर्ध्यावरच सोडलं.

"आजची धरून?"

"आजची कशी धरशील? आजची तर खरीच आहे."

तिने कोरी वही पुढे केली. त्याने लिहिलं, जाड पेन्सिलीने, हळू : खरं नाव, खरी तारीख, चेष्टा नको, खोडाखोड नको. खाली राखणदार म्हणून रोमेद आणि, हाताला सवय होतीच, पुढचं आपोआप आलं. यावेळी बघितलं तर ती शेजारी होती, त्याच्या वाट्याचा पाव खात.

*

साडेनऊला, चर्चच्या घड्याळाने साडेनऊला, त्याने हातमोजा काढून अंगठा बर्फात दाबला. अंगठा नखापर्यंत आत गेला आणि टणक थराला टेकला.

"आता," तो म्हणाला.

आणि सुटले दोघे. आखूड स्की हुकुमाला तत्पर, जरा वाकलं की वळतात, जरा कललं की लहरतात. बर्फाचे बारीक खडे त्यांच्या मागे सळसळत घरंगळायचे, काचेचे मणी सुटावेत तसे. तिचं वळण डावीकडे तर त्याचं उजवीकडे, पुन्हा मधे येऊन ओलांडायचं, पुन्हा दूर, जशी आग्नेस पावाची वेणी घालते. मधेच रोमेदने एक पाय उचलून बघितला. का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आणि तो आपटला, बसल्या बसल्या वीस मीटर घसरत गेला, टोपी वर राहिली.

"गुडघे, बाबा! गुडघे!" मागून रेझी गरजली. "खांदा खाली!"

तो तसाच बर्फात बसून हसत होता. नवा गुडघा ठणठणीत होता. ती टोपी घेऊन आली, त्याच्या डोक्यावर दाबून बसवली, आणि तिथून झाडांपर्यंत त्याचा आवाज उताराभर घुमत गेला :

"पायाखाली माझ्या बाई
बदकांची जोडी;
डोंगर म्हणे, म्हाताऱ्या,
अजून आहे गोडी!"

चारही ओळी, एका दमात.

घरी पोचले तेव्हा आग्नेस चर्चमधून परतली होती. नवी टोपी खुंटीला, घड्याळ जागेवर, आणि चेहऱ्यावर दिवसभराचं बोलणं साठलेलं. ती दारात आली तो पायात काहीतरी आलं. दोन आखूड स्की, ओल्या, उंबऱ्याशी आडव्या टाकलेल्या, त्यांच्यावर आणखी दोन.

"हे काय इथे पसरलंय? मान मोडेल कुणाची! काल एवढा ठाकठोक करून खिळा मारलास ना कोठारात? मला काय ऐकू येत नाही वाटतं?"

"मारला," रोमेद बूट काढता काढता म्हणाला.

"मग?"

त्याने रेझीकडे पाहिलं. ती चुलीशी पाठ शेकत, ओला मोजा हातात धरून, छताकडे बघत होती.

"त्याला तुझी टोपी अडकव," तो म्हणाला. "आम्हाला अजून एकोणीस वेळा जायचंय."

"एकोणीस? आणि हे कोणी ठरवलं?"

"वहीत लिहिलंय," रोमेद म्हणाला, आणि पट्ट्या वाळत घालायला दोरी शोधू लागला.